नगरचे रेव्हरंड टिळक आणि नाताळ

मार्गशीर्षातील गुरुवारांचे घट उठतात न उठतात, दत्तजयंतीच्या पाळण्याची फुले अजून पुरती वाळलेली नसतात, तोच नगर जिल्ह्यातील कितीतरी गावांत घरांच्या तुळईला कागदी तारे लटकू लागतात. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे ह्या टापूत तर हिंदूंच्या आळीला लागूनच ख्रिस्ती बांधवांची वस्ती असते. तेथे डिसेंबरच्या थंडीत करंज्या तळल्या जातात, चकल्या पडतात, ढोलकी आणि टाळ घेऊन मंडळी रात्री भजने म्हणत फिरतात. २५ डिसेंबरला सकाळी त्यातलेच एक ताट, वर स्वच्छ फडके घातलेले, शेजारच्या हिंदू घरी येते. ते कसे घ्यावे, घ्यावे की नाही, घेतले तर देवापुढे ठेवावे की नुसतेच मुलांना द्यावे, हा प्रश्न आजही अनेक सश्रद्ध घरांत आजीबाईंच्या मनात उभा राहतो. मुलाने तारा लावण्याचा हट्ट धरला की तो अधिकच टोचतो. नाताळच्या निमित्ताने ह्या पानावर आम्ही आज ज्यांचे चरित्र सांगणार आहोत त्या गृहस्थांच्या घरातही हाच प्रश्न एकदा उभा राहिला होता. फरक इतकाच की तेथे तो ताटाचा नव्हता, पाण्याच्या तांब्याचा होता, आणि त्याच्या पायी एक संसार जवळजवळ पाच वर्षे दुभंगून राहिला.

हे गृहस्थ म्हणजे कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत असताना पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता पाठ केली नाही असा मराठी माणूस आमच्या पिढीत विरळा. फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून त्यांचे नाव घरोघरी गेले. परंतु त्यांचे उत्तर आयुष्य अहमदनगरात गेले आणि ख्रिस्ती उपासनेला मराठी माजघराचा वास त्यांनी आणून दिला, ही गोष्ट आज तितकीशी कोणाच्या ध्यानात नसते. नगर शहराचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. टिळकांच्या काळाविषयी लिहिताना आम्ही जुनेच नाव वापरले आहे, त्यास वाचकांनी हरकत घेऊ नये.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन घराण्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने अतिशय करडे. आई जानकीबाई देवभक्त, कोमल मनाची. कवितेचे बीज नारायणाला मिळाले ते तिच्याकडून. मुलगा लहान असतानाच ती माउली गेली आणि त्याचे घर सुटले. तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिकून घेतले, आणि पुढे आयुष्यभर न सुटलेली एक सवय तेथेच लागली: एके ठिकाणी स्वस्थ न बसण्याची. शिक्षकी करावी, पुराण सांगावे, कीर्तन करावे, जेथे मन रमेल तेथे राहावे आणि मन उडाले की पायांत वहाणा घालाव्यात, असा हा क्रम होता. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरात आली व लक्ष्मी झाली. ह्याच त्या ‘स्मृतिचित्रे’कर्त्या लक्ष्मीबाई टिळक. माहेरचे सोवळे असे कडक की बाजारातून आलेले मीठसुद्धा वडील धुऊन घ्यावयास लावीत. मीठ धुतले तर उरणार काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नसे. अशा घरची मुलगी अशा भटक्या, उदार, तापट आणि भोळ्या माणसाच्या पदरी पडली.

नागपूरला असताना टिळकांस अप्पासाहेब बुटी ह्या धनिकाचा आश्रय लाभला. (बुटी हे आडनाव शिर्डीला जाणाऱ्या वाचकांस परके नाही, तेथील समाधिमंदिराची वास्तू नागपूरच्याच बापूसाहेब बुटी ह्यांनी बांधविली.) तेथे प्राचीन संस्कृत ग्रंथांचे काम चाले, आणि धर्मचर्चेसाठी ‘ऋषि’ नावाचे मासिक टिळक चालवीत. ग्रंथ जसजसे वाचून होत गेले तसतशी त्यांची तळमळ वाढत गेली. देशाची अवनती का झाली, जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, मूर्तीवाचून भक्ती होऊ शकते किंवा नाही, असले प्रश्न त्यांना झोपू देत नसत. सर्वांनी मानावा असा एक नवा धर्मच आपण काढावा, असे मांडेही त्यांनी मनात खाल्ले. ह्या मनःस्थितीत नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला. काव्यावरून बोलणे निघाले ते धर्मावर आले. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचावयाचे म्हणून वाचावयास घेतले, आणि येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच.

पुढे ‘ज्ञानोदय’ पत्राशी संबंध असलेले मिशनरी जस्टिन अ‍ॅबट ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हे अ‍ॅबटसाहेबही लक्षात ठेवण्याजोगे. उतारवयात त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई ह्या आपल्या संतांची चरित्रे व वाणी इंग्रजीत उतरविण्यासाठी मोठी ग्रंथमाला काढली. धर्म देण्यास आलेला माणूस संतांच्या ओव्या कशा गोळा करीत बसला, हा एका निराळ्या लेखाचा विषय होईल. असो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

येथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण आमच्या बहुसंख्य वाचकांचे मन येथे दुखावणार हे आम्हांस ठाऊक आहे. ते दुखणे खोटे नाही. ही बातमी घरी पोहोचली तेव्हा पदरी लहान मुलगा असलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा. कुंकू कपाळी, पण संसार नाही. आप्तांनी त्यांना पंढरपुरास नेले. विठोबाच्या पायाशी राहून, चंद्रभागेत स्नान करून, मुलाला वाढवीत त्यांनी ते दिवस काढले. नवराबायकोंची पत्रे मात्र चालू होती. भांडणही पत्रांतून आणि प्रेमही पत्रांतून, कधी कधी कवितेतूनही. ज्या माणसाने सबंध मानवजातीच्या दुःखाचा विचार केला त्याने आपल्या दाराआडच्या एका स्त्रीचा विचार आधी करावयास हवा होता, असे आम्हांस वाटते. टिळकांविषयी आदर बाळगूनही आम्ही हे म्हणतो, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणासही ते पटेल. लक्ष्मीबाईंनी आपल्या ग्रंथात हे सारे हसतहसत सांगितले आहे, हा त्यांचा मोठेपणा.

काही वर्षांनी मुलाला घेऊन त्या नगर जिल्ह्यात पतीजवळ आल्या, पण आपला धर्म व आपली चूल वेगळी ठेवून. नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या. एकाच माणसाशी संसार, आणि पाणी मात्र निराळे. पुढे त्यांच्या मनात हळूहळू पालट झाला तो कोणाच्या प्रवचनाने नव्हे. देवाने पशुपक्ष्यांत स्पृश्यास्पृश्य केले नाही, मग माणसांत हा भेद घातला कोणी, असा विचार त्यांचा त्यांनीच केला, आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे असे ठरविले. पाण्याचा प्रश्न सुटला, धर्माचा त्यानंतर. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात आणि प्लेगात ह्या जोडप्याने अनाथ मुलांना आपल्या घरात घेतले, तेव्हा कोणाची जात कोणती हे विचारण्याची सोयच उरली नव्हती. टिळक किराण्यासाठी दिलेले पैसे वाटेत भलत्याच कामी घालवून रिकाम्या हाताने परत येत, आणि लक्ष्मीबाईंनी त्या रिकाम्या हातांतून बिऱ्हाड चालवावे, असा हा संसार होता.

आता नगरच्या मिशनविषयी सांगितले पाहिजे, कारण नाताळचा मुद्दा तेथेच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईस १८१३ साली आले आणि नगरला १८३१ साली. त्यांनी शाळा काढल्या. नगरच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा पाहूनच महात्मा फुले ह्यांस पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या वाचकांस कदाचित नवल वाटेल अशी गोष्ट ही की, ह्या मिशनऱ्यांच्या पूर्वजांच्या घरी नाताळ साजरा होत नसे. ते न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. प्युरिटनांचे म्हणणे असे की, येशूच्या जन्माची तिथी पवित्र शास्त्रात कोठेच दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख पुढे चौथ्या शतकात रोमच्या पंचांगात दिसू लागते. तेव्हा तो दिवस पाळणे ही माणसांनी काढलेली रूढी होय, देवाची आज्ञा नव्हे. इंग्लंडात पार्लमेंटने १६४७ साली नाताळ बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली कायदाच केला की जो नाताळ पाळील त्याने पाच शिलिंग दंड भरावा! तो कायदा १६८१ साली रद्द झाला, तरी तिकडे २५ डिसेंबरला दुकाने उघडी आणि शाळा चालू असा प्रकार पुढे दीडशे वर्षे होता. त्या संस्थानात नाताळची सुटी कायदेशीर झाली ती १८५६ साली. म्हणजे नगरला मिशन येऊन पंचवीस वर्षे झाल्यावर.

उलट त्याच जिल्ह्यात पुढे जे इंग्लिश चर्चचे व रोमन कॅथलिक पंथाचे मिशनरी आले त्यांच्या पंचांगात नाताळ हा मोठा सण, त्याच्या आधी चार आठवड्यांची तयारी, मध्यरात्रीची उपासना, गव्हाणीचा देखावा. पूर्वेकडील काही ख्रिस्ती मंडळ्या हा सण ७ जानेवारीस करतात, आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीस. आपल्याकडे स्मार्तांची एकादशी एके दिवशी आणि भागवतांची दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा आपण त्यात धर्मबुडवेपणा पाहत नाही. तिकडेही तसेच समजावे. मात्र सर्व ख्रिस्ती एकमुखाने नाताळ पाळतात आणि आपण हिंदूंनी फक्त तो मानावा किंवा मानू नये एवढेच उरते, असा जो समज आहे तो बरोबर नाही. हा वाद आधी त्यांच्याच घरातला आहे.

टिळक नगरला आले त्या वेळी तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचे प्रमुख रॉबर्ट ह्यूम हे होते. जन्म मुंबईचा, १८४७ चा, मराठी उत्तम. ज्यांना येशूचे नाव ह्या जन्मी ऐकावयास मिळाले नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळणारच नाही असे कशावरून, असा विचार त्यांनी अमेरिकेत मांडला, आणि त्यावरून १८८६-८७ साली तिकडे एवढे काहूर उठले की त्यांना भारतात परत पाठवावे की नाही ह्याचीच चर्चा झाली. अखेर ते परत आले आणि नगरातच राहिले. आपल्या आजोबापणजोबांना नरकात ढकलल्यावाचून येशूची भक्ती करता येते, असे मानणारा मनुष्य वरिष्ठ म्हणून लाभला, हे टिळकांचे भाग्य. टिळक त्या विद्यालयात शिकवू लागले. १९०४ साली त्यांस दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले.

ह्या काळातील मराठी ख्रिस्ती उपासनेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. बहुतेक गीते इंग्रजीवरून भाषांतरलेली, चाली विलायती. खेड्यातल्या कालपर्यंत एकतारीवर अभंग गाणाऱ्या माणसाला देवळात बाकावर बसवून परक्या चालीत गावयास लावावयाचे. तो गाई, पण त्याचे डोळे भरून येत नसत. नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी देशी चालींत पदे करून पूर्वी वाट पाडली होती; टिळकांनी तिचा राजरस्ता केला. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, ओव्या लिहिल्या, भजने बसविली, हाती टाळ घेतले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आली आणि आजही ती गायिली जातात. तुकोबांच्या सेतूवरून आपण येशूपाशी पोहोचलो, असे ते मानीत आणि तसे मोकळेपणाने सांगत. आपला देश, आपली भाषा, आपला पोशाख, आपले संत ह्यांतले काही सोडावयाचे नाही. सोडावयाचे ते फक्त जे खोटे ठरले तेवढेच, हा त्यांचा बाणा. बाप्तिस्म्याबरोबर पाटलोण आणि काटेचमचा आलाच पाहिजे असे समजणाऱ्या स्वधर्मीयांवर ते तुटून पडत. साहेबी खाक्याच्या काही मिशनऱ्यांनाही ते फार रुचत असतील असे नाही.

नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला जो फराळ होतो, आकाशकंदील लागतो, भजनी मंडळ फिरते, ते सारे एकट्या टिळकांनी सुरू केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लोक आपले सण आपल्या रीतीनेच करतात. कोणी शिकवावे लागत नाही. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी सप्टेंबरात मातमाउलीची यात्रा भरते तिला पायी जाणाऱ्या मंडळींचा थाट पंढरीच्या वाटेवरून उचललेला दिसतो, आणि ती टिळकांच्या पंथाची नव्हे, कॅथलिकांची. पण ह्या मराठीपणाची लाज वाटावयाचे कारण नाही, उलट हाच आपला हक्क आहे, हे सुशिक्षित ख्रिस्ती माणसाला निर्भयपणे सांगणारा पहिला मोठा आवाज टिळकांचा होता.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे आपल्याकडे वळू. श्रद्धाळू हिंदूंत नाताळविषयी दोन मते आहेत आणि गंमत अशी की दोहोंचा आधार गीताच. पहिले मत म्हणते, स्वधर्म उणा असला तरी तोच बरा, तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हे स्पष्ट केले आहे. तेव्हा आपले सण आपणांस पुरेत. दुसरे मत नवव्या अध्यायाकडे बोट दाखविते: अन्य देवतांची श्रद्धेने पूजा करणारेही अखेर माझीच पूजा करतात, असे तेथे भगवंतच म्हणतात. आणि ह्या दोन्ही अध्यायांवर मराठीत सर्वोत्तम भाष्य झाले ते ह्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये. ज्ञानोबांनी एकही अध्याय वगळला नाही.

दुसऱ्या मताचे आचरण पाहावयाचे असेल तर रामकृष्ण मठात जावे. १८८६ च्या डिसेंबरात परमहंसांच्या तरुण शिष्यांनी आंटपूर गावी धुनीपुढे बसून संन्यासाचा निश्चय केला; मागाहून त्यांच्या ध्यानात आले की ती रात्र नाताळची पूर्वरात्र होती. तेव्हापासून २४ डिसेंबरच्या सायंकाळी मठांत बाळयेशूच्या तसबिरीला फुले वाहतात, नैवेद्य दाखवितात, शुभवर्तमानातील जन्मकथा वाचतात. संन्यासी अगदी हिंदू, पूजाविधी अगदी हिंदू. आमच्या जिल्ह्यातल्या शिर्डीची रामनवमी आणि उरूस एकाच दिवशी कसे होत, हेही जाणत्यांस सांगावयास नको. साईबाबा आणि टिळक एकाच काळी ह्याच जिल्ह्यात वावरत होते.

पहिल्या मताच्या काही संघटनांनी अलीकडे, गेल्या दहा-बारा वर्षांत, २५ डिसेंबरला तुळशीपूजनाचा दिवस म्हणून पाळण्याचा प्रघात पाडला आहे. तुळशीला पाणी घालावयास कोणाची ना असणार? पण महाराष्ट्रातील गृहिणी रोज सकाळी तुळशीला पाणी घालते, सांजवेळी दिवा लावते आणि कार्तिकात तिचे लग्नही लावते. कोणावर कुरघोडी करण्यासाठी म्हणून तिने कधी तुळस लावली नाही. वृंदावनाला हे नवे काम लावू नये, एवढेच आमचे नम्र म्हणणे.

तिसरा पक्ष धर्मनिरपेक्ष विचारवंतांचा. त्यांच्यातही एकवाक्यता नाही. काही म्हणतात, शाळा व सरकारी कचेरी ह्यांत कोणताच धार्मिक सण नको, गणपती नको आणि नाताळही नको. काही म्हणतात, सण हे धर्माचे राहिले नाहीत, ते आता सर्व समाजाचे आनंदाचे दिवस आहेत. तारा लावा, केक कापा, देवाचा प्रश्न काढू नका. ह्या दुसऱ्या प्रकारच्या नाताळची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि इंग्रजी अमदानीत त्याचा अर्थ झाला सुटी. कोर्टे आणि कचेऱ्या बंद, वकील मोकळे, म्हणून तर काँग्रेसची अधिवेशने वर्षानुवर्षे नाताळच्या आठवड्यात भरत. पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. लोकमान्यांपासून गांधीजींपर्यंत साऱ्यांचा नाताळ राष्ट्रसभेच्या मंडपात गेला. साहेबाच्या सुटीत साहेबाविरुद्ध सभा! असा नाताळ कोणत्याही धर्ममार्तंडास बाधला नाही.

परंतु आजच्या पेठेतला नाताळ, कापसाचे बर्फ आणि तांबड्या झग्यातला दाढीवाला म्हातारा, हा जितका हिंदूंचा नाही तितकाच सश्रद्ध ख्रिस्ती माणसाचाही नाही. त्या म्हाताऱ्याच्या मुळाशी मायराचा बिशप निकोलस हा चौथ्या शतकातला सत्पुरुष आहे. आजचे रूप मात्र त्याला गेल्या दोनशे वर्षांत चित्रकारांनी आणि दुकानदारांनी दिले. गोठ्यात जन्मलेल्या एका गरीब बाळाच्या जयंतीला उधारीवर खरेदी करावी, ह्याचे दुःख पाळकांना होते आणि दिवाळीच्या दुकानदारीचे दुःख आपल्या कीर्तनकारांना होते. ह्या बाबतीत दोघांनी एका बाकावर बसण्यास हरकत नाही.

टिळकांच्या घराकडे परत येऊ. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांस एक किशोरवयीन कवी आढळला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले; त्याचे रुसवे, त्याचे हट्ट सोसले. धर्मोपदेशकाच्या घरी राहिलेला हा ब्राह्मण मुलगा हिंदूच राहिला, हिंदू म्हणूनच १९१८ साली आगगाडीच्या अपघातात गेला. टिळकांनी त्याला कविता लिहिण्यास उत्तेजन दिले, बाप्तिस्मा घेण्याची अट घातली नाही. धर्मप्रसारासाठी मिशनचे वेतन घेणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट आहे, म्हणून ती आम्हांस विशेष वाटते.

आणि त्या वेतनाविषयीही त्यांचे मन अखेर विटले. मिशनच्या पगारावर राहून आपण आपल्या लोकांपर्यंत पोहोचू शकत नाही, पगारी उपदेशकाचे बोलणे कोण मनावर घेणार, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड हलविले आणि संन्यस्त वृत्तीने राहून ‘देवाचा दरबार’ नावाचा एक भक्तसमुदाय उभारावयास घेतला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. येशूवर प्रेम आहे ना, मग आत या. नाव, जात, समाज बाहेर ठेवून येण्याची सक्ती नाही. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना हे पटले नाही. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्तभक्त कसला, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. हिंदूंनाही ते पटले नाही. हे बाटविण्याचे नवे साधन तर नव्हे, अशी शंका त्यांस आली. ती शंका पूर्णपणे अनाठायी होती असेही आम्ही म्हणणार नाही, कारण आपल्या देशबांधवांनी येशूकडे यावे ही टिळकांची इच्छा कधी लपून राहिली नव्हती. मात्र जो नाताळ करतो त्याची जात आणि दाखला विचारावयाचा किंवा कसे, ह्या प्रश्नावर त्यांचे उत्तर काय होते ते दरबाराच्या उघड्या दारावरून दिसते.

दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. प्रकृती ढासळली, मुंबईस जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न होता दहन झाले, आणि अस्थी नगरास आणण्यात आल्या. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या देहाला अग्नी द्यावा, हे त्या काळी त्यांच्या समाजालाही सोपे गेले नसेल.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे, रामायणाप्रमाणे ते घरोघरी वाचले जावे, ह्या हौसेने टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले होते. ते सुमारे दहा अध्यायांपाशी अडले होते. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हट्टाने. त्यांनी नवऱ्याचे अर्धे राहिलेले पोथीचे काम पुढे हाती घेतले आणि एकामागून एक अध्याय रचीत साठाच्याही पुढे गेल्या. ओवी त्यांना शिकावी लागली नाही; ती त्यांनी जलालपूरला जात्यावर आणि पंढरपुरास देवळात ऐकलेली होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. पोथी छापून निघाली ती १९३८ साली, मुलगा देवदत्त ह्यांच्या हातून.